उत्तरेच्या खिडकीतला जांभळा

काचेच्या त्या कारखान्यात माणसं चाळीस होती आणि डोळे मात्र दोनच. बाकीच्यांचे डोळे काही बटणं नव्हती, पण तयार मालाचा रंग पाहायचा तो एकट्या पारख्याने, असा तिथला नियम होता. म्हाताऱ्या मालकांनी तो घालून दिला होता आणि ते गेल्यावर त्यांच्या सुनेनेही तो मोडला नाही. भट्टीतून निघालेली काच लालबुंद असते, तेव्हा तिच्या रंगाबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. रात्रभर ती बंद पेटीत हळूहळू गार व्हायची आणि सकाळी नऊ वाजता पारखी एकेक नग उचलून उत्तरेच्या खिडकीत धरायचा. त्या खिडकीत थेट ऊन येत नाही, त्यामुळे उजेड कसा, सज्जन माणसासारखा एकसारखा. पाहून झालं की नगाला चिठ्ठी लावायची. चिठ्ठी लागेपर्यंत रंगाबद्दल कुणी तोंड उघडायचं नाही, आणि लागल्यावर तर उघडायचं कारणच नाही.

पारखी अठ्ठावन्न वर्षांचा होता. पंचवीस वर्षं त्याने ज्योतीवर काच वितळवण्याचं काम केलं आणि मग, थोरल्या भावाचे डोळे गेल्यावर, खिडकी त्याच्या वाट्याला आली. दादाच्या आधी ती त्यांच्या वडिलांकडे होती. कारखान्यात त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं; बायकोसुद्धा माहेरी पत्र लिहिताना ‘आमचे पारखी’ असंच लिहायची.

आता या माणसाला एक खोड होती, ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. चार वर्षांपासून त्याला जवळचं वाचता येत नव्हतं. चाळिशी लागते तशी त्यालाही लागली होती, जरा उशिराच. पण चष्मा म्हटला की गडी फुरंगटायचा. “डोळ्यापुढेच काच आली तर काचेचा रंग काय कपाळ कळणार?” असं त्याचं म्हणणं. ऐकायला पटण्यासारखं होतं, पण खरं कारण निराळं होतं. दादाच्या नाकावर चष्मा आला त्यानंतर दोन वर्षांत दादा घरी बसला होता.

तर झालं असं, की एका वाचनालयाकडून दिव्यांच्या साठ शेड्सची मागणी आली. नव्याने लागलेल्या केमिस्टबाईंनी त्यासाठी वेगळी पावडर मागवली, स्वतः वजन करून वाळूत मिसळली आणि पारख्याच्या हातात एक टाइप केलेला कागद दिला.

“काका, हा जरा नीट वाचून घ्या. ही काच थोडी वेगळी आहे.”

“वाचतो की निवांत,” पारखी म्हणाला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. अक्षरं मुंगीएवढी होती. वर मागणीच्या फलकावर ठळक लिहिलेलं होतं, ‘फिकट जांभळा’. तेवढं त्याला दहा फुटांवरून वाचता आलं आणि एवढं पुरे असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तीस शेड्स खिडकीत आल्या. सुंदर फिकट जांभळा, कुठे डाग नाही, गढूळपणा नाही. पारख्याने एकोणतीस चिठ्ठ्या लावल्या. तिसाव्या शेडच्या काठावर हरभऱ्याएवढा बुडबुडा होता. असा टाकाऊ नग पारख्याने घरी न्यायचा हीसुद्धा तिथली जुनीच रीत, त्यामुळे त्याच्या घरात एकही धड भांडं नव्हतं आणि एकही बेरंगी नव्हतं.

घरी स्वयंपाकघरात त्या दिवशी नवी पांढरी ट्यूब बसली होती. जुना पिवळा बल्ब महिनाभर डोळे मिचकावत होता, शेवटी बायकोने स्वतःच वायरमनला बोलावून आणलं. पारख्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेड ओट्यावर ठेवली, कागद सोडवला आणि त्याचा हात तसाच राहिला.

शेड निळी होती. जांभळ्याकडे झुकणारी वगैरे नव्हे, सरळ निळी.

त्याने ती फिरवून पाहिली. काठावर बुडबुडा होता, म्हणजे नग तोच. मग संसाराच्या तीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्याने केलं.

“अगं, हिचा रंग कोणता?”

बायकोने पोळपाटावरून मान वर केली. “निळा. का हो?”

“काही नाही. सहज.”

“छान आहे. चमचे ठेवीन मी त्यात.” एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली.

पारखी बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसला. हिशेब अगदी सरळ होता. शेड निळी आहे, बायको म्हणते निळी, आत्ता मलाही निळीच दिसते. म्हणजे सकाळी खिडकीत मला जांभळी दिसली ती माझ्या डोळ्यांची चूक. तीस निळे नग मी जांभळे म्हणून पाहिले, एकोणतीस पास केले, आणि कारखान्यात कुणी हूं का चूं केलं नाही, कारण करायचंच नसतं. दादाचंही अशाच एका सकाळी सुरू झालं होतं. त्याने तपकिरी बरण्या लाल म्हणून पाठवल्या होत्या.

सकाळी बायकोने डबा हातात दिला तेव्हा तो तिच्याकडे न बघताच निघाला.

खिडकीत उरलेल्या एकतीस शेड्स, टाकाऊच्या बदल्यातली एक धरून, मांडून ठेवल्या होत्या. पारख्याने पहिली उचलली. जांभळी. डोळे चोळले, एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. जांभळी ती जांभळीच. काल रात्री त्याला एक वेडी आशा वाटली होती की सकाळी ती निळी दिसेल, आणि निदान डोळे ताळ्यावर आले असं म्हणता येईल. पण ज्या डोळ्यांनी आयुष्यभर पोसलं तेच आता तोंडावर खोटं बोलत होते. त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात टाकला.

“दुपारी लावतो,” तो पॅकिंगवाल्याला म्हणाला. “पाच वाजता गाडी ना?”

“पाचला. काका, बरं वाटत नाही का?”

“उकडतंय.”

उकडत नव्हतं. पॅकिंगवाला स्वेटर घालून उभा होता.

जेवणाच्या सुट्टीत पारखी मागच्या गल्लीत दादाकडे गेला. दादा सत्तरीला आला होता. शस्त्रक्रियेने त्याला पुन्हा बऱ्यापैकी दिसू लागलं होतं, पण खिडकीकडे तो परत फिरकला नाही. अंगणात खुर्ची टाकून तो शेंगा सोलत बसला होता. पारख्याने सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, जमिनीकडे बघत.

दादाने हातातली शेंग ठेवली. “कुणाला बोललास?”

“तुलाच पहिल्यांदा.”

“कधीपासून?”

“कालपासून.”

“मी सहा महिने लपवलं, धाकट्या,” दादा म्हणाला. “रोज वाटायचं, उद्या बरं दिसेल. तीन गाड्या माल परत आला. म्हातारे मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत. नुसतं ‘बसा’ म्हणाले. ते ‘बसा’ मला अजून झोपेत ऐकू येतं. तुझं एकच दिवसाचं आहे ना? मग एवढ्यावरच थांबव. गाडी सुटायच्या आत जाऊन सांग.”

“खिडकी जाईल.”

“खिडकी जाईल. माणूस राहील.”

पारखी परत आला तो तडक ऑफिसात. मालकीणबाई टेबलाशी होत्या आणि समोर केमिस्टबाई कसलासा तक्ता घेऊन बसल्या होत्या. टेबलावर कालच्यातली एक शेड ठेवलेली होती. छतावर पांढरी ट्यूब, खिडकीला जाड पडदा. शेड निळी दिसत होती, स्वच्छ निळी, आणि ती तशी दिसली म्हणून पारख्याला वाईट वाटावं की बरं, हेच कळेना.

“बाई, गाडी थांबवा,” तो म्हणाला.

मालकीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “काय झालं पारखीकाका?”

“काल मी एकोणतीस नग जांभळे म्हणून पास केले. ते निळे आहेत. मला आत्ता दिसतंय, काल घरी दिसलं, पण खिडकीत दिसत नाही. आज सकाळीही जांभळेच दिसले.” त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. “डोळे गेले माझे. दुसरा माणूस बघा तुम्ही. शिकवायचं असेल तर शिकवीन.”

मालकीणबाईंनी केमिस्टबाईंकडे पाहिलं. केमिस्टबाईंचा चेहरा लाल झाला होता, आणि पारख्याला वाटलं, पोरीला आपली कीव आली.

“काका,” ती हळूच म्हणाली, “मी दिलेला कागद वाचलात का?”

“आहे खिशात.”

“वाचलात का?”

पारख्याने खिशातून घडी काढली, उलगडली आणि हात लांब केला. मग आणखी लांब केला. हात संपला, पण अक्षरं काही दिसेनात. मालकीणबाई उठल्या, आपल्या नाकावरचा चष्मा काढला आणि त्याच्यापुढे धरला. बाईमाणसाचा सोनेरी काड्यांचा चष्मा. दुसरा कुठलाही दिवस असता तर पारखी तिथून पळाला असता. त्याने तो घातला.

मुंग्यांची अक्षरं झाली. कागदाच्या तळाशी, रेघ मारून, लिहिलेलं होतं: ‘या काचेचा रंग दिवसाच्या उजेडात फिकट जांभळा आणि ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात निळा दिसेल. हा दोष नाही. गिऱ्हाइकाने मुद्दाम हाच गुण मागितला आहे.’

त्याने ते दोनदा वाचलं. मग तो खुर्चीत बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून, ज्यांच्यावर त्याने सकाळपासून एवढे आळ घेतले होते त्यांच्यातून, घळाघळा पाणी आलं. ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. इतकं हलकं त्याला दादाची खिडकी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

केमिस्टबाईंनी शेड उचलली, दारात नेली आणि बाहेरच्या उजेडात धरली. जांभळी. आत आणली. निळी. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पारखी चष्म्याच्या वरून बघत राहिला.

“मी तोंडी सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “पण इथे चिठ्ठीच्या आधी रंगाबद्दल बोलत नाहीत असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून लिहून दिलं.”

“नियम आमचाच,” मालकीणबाई म्हणाल्या. “आमच्याच पायात आला.”

“पण होतं कसं हे?” पारख्याने विचारलं. आता जीव भांड्यात पडला होता आणि कसब जागं झालं होतं. “कसली पावडर आहे ही?”

“निओडिमियम.” तिने हातातला मूलद्रव्यांचा तक्ता टेबलावर पसरला आणि तळाशी, बाकीच्यांपासून सुटी काढलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “ही पंधरा भावंडं. लँथॅनॉइड म्हणतात यांना. स्वभाव इतके सारखे की जमिनीत एकत्रच सापडतात आणि एकमेकांपासून वेगळं करायला शास्त्रज्ञांची शंभर वर्षं गेली. या टोकापासून त्या टोकाकडे जाल तसं प्रत्येकाचं वजन वाढत जातं आणि अंग मात्र आकसत जातं.”

“आमच्या सासरी उलट आहे,” मालकीणबाई म्हणाल्या.

“आणि रंग?” पारखी चिकाटीचा.

“रंग ठरवणारे त्यांचे कण बाहेर नसतातच, आतल्या खोलीत बसलेले असतात. बाहेर कुणाशी संगत झाली तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ते उजेडातून अगदी बारीक पट्टीच खातात, नेमकी. निओडिमियम मुख्यतः पिवळा खातं. दिवसाच्या उजेडात सगळे रंग असतात, पिवळा गेला की लाल आणि निळा उरतो, म्हणजे जांभळा. ट्यूबमध्ये सगळे रंग नसतातच. दोन-चार पट्ट्या जोडून ती पांढऱ्याचं सोंग आणते. त्यातलं काचेने आपलं खाल्लं की निळंच जास्त उरतं.”

पारखी विचारात पडला. “पिवळा खातं,” तो स्वतःशी म्हणाला. “ज्योतीवर काम करताना आम्ही गुलाबी चष्मा घालायचो. घातला की काचेची ती पिवळी झळ गायब व्हायची. मागे काच कशी वितळतेय ते स्वच्छ दिसायचं.”

“तीच ही!” केमिस्टबाई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. “त्यात निओडिमियम आणि त्याच्या शेजारचं भावंड, दोघं असतात. ही दोघं एकच आहेत असं चाळीस वर्षं लोक समजत होते, नावसुद्धा ‘जुळं’ असं दिलं होतं. मग कळलं, एक हिरवट, एक जांभळं. तुमच्या पॉलिशवाल्यांची काच घासायची पावडर, तीही यांच्यातलीच. आणि चांगल्या ट्यूबच्या आतला लेप असतो ना, त्यात आणखी दोघं.”

“म्हणजे सगळं खानदान इथेच नांदतंय,” पारखी म्हणाला, “आणि ओळख फक्त आम्हालाच नव्हती.”

पंचवीस वर्षं गुलाबी चष्म्यातल्या ज्या पावडरीने आपले डोळे सांभाळले, तिच्याच पायी आपण कालपासून डोळ्यांवर दातओठ खात होतो. त्याला जरा लाजही वाटली.

“वाचनालयात दिवसा खिडक्यांचा उजेड, संध्याकाळी ट्यूब,” मालकीणबाई म्हणाल्या. “त्यांना दोन्ही वेळा वेगळी शेड हवी होती, एकाच किमतीत. गिऱ्हाईक हुशार आहे.” मग त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. “पाचला गाडी आहे, पारखीकाका. आणि माझा चष्मा तेवढा द्या, मला दिसत नाहीये.”

एकतीस चिठ्ठ्या लागल्या. या वेळी प्रत्येकीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘दिवसा फिकट जांभळा, ट्यूबखाली निळा. पास.’ गाडी पाचला सुटली. पारख्याने दादाच्या अंगणात वाकून “चाळिशी होती रे, नुसती चाळिशी,” एवढं ओरडून सांगितलं आणि दादाने मूठभर शेंगा त्याच्या अंगावर फेकल्या. मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्याने वाचायचा चष्मा घेतला, काळ्या जाड काड्यांचा, लपवायचा म्हटला तरी लपणार नाही असा.

घरी दार उघडंच होतं. दिवस मावळायला आला होता, पण स्वयंपाकघरात ट्यूब लावलेली नव्हती. बायको खिडकीजवळ स्टुलावर बसली होती आणि खिडकीच्या कट्ट्यावर ती शेड पालथी घातली होती. गॅसवर काही नव्हतं. पारख्याने तिला एवढं गप्प बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

“अगं, अंधारात काय बसलीस?”

“जरा बसा. बोलायचं आहे.” तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. “सकाळीच सांगणार होते, धीर झाला नाही. माझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय.”

पारखी बसला.

“ही शेड सकाळी उठल्याबरोबर धुऊन मी खिडकीत वाळत घातली, तर जांभळी दिसायला लागली. दुपारी पाहिली, जांभळी. आत्तापर्यंत जांभळीच आहे. आणि काल मी तुम्हाला निळी म्हणाले. संध्याकाळी मला काही भलतंच दिसत असणार.” तिने शेड हाताने दूर सारली. “तीस वर्षांत तुम्ही मला कधी रंग विचारला नाहीत. काल विचारलात तेव्हाच कळायला हवं होतं. तुमच्या लक्षात आलं होतं ना? परीक्षा घेत होतात माझी. आणि सकाळी माझ्याकडे न बघता गेलात.”

पारख्याने ओठांवर आलेलं हसू आवरलं. दादाने सहा महिने लपवलं, त्याने एक दिवस, आणि ही बाई एकाच दिवसात इतकं एकटीने सोसून, दिवस मावळायच्या आत सांगून मोकळी झाली होती. घरातला धीट माणूस कोण ते त्याला कळून चुकलं.

“ऊठ,” तो म्हणाला. एका हातात शेड, दुसऱ्यात तिचा हात. “काय दिसतंय?”

“जांभळी.”

“मलाही जांभळीच.” त्याने ट्यूबचं बटण दाबलं आणि दोघं तिच्याखाली गेली. “आता?”

बारीक आवाजात, “निळी?”

“मलाही निळीच.”

तिने शेड त्याच्या हातातून घेतली, खिडकीशी नेली, परत आणली. तीनदा. तिसऱ्यांदा ती ओट्याला टेकून हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. पारख्याने खिशातून कागद काढला, नवा चष्मा नाकावर चढवला आणि तळाची ओळ तिला मोठ्याने वाचून दाखवली.

“हा कागद कधीपासून तुमच्या खिशात होता?” तिने विचारलं.

“परवापासून.”

बोलण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं आणि ते पुढे महिनाभर पुरलं असतं. पण तिने त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, त्याच्यावरचे बोटांचे ठसे रुमालाने पुसले आणि पुन्हा त्याच्या कानांवर नीट बसवला.

“आता हा काढायचा नाही,” ती म्हणाली आणि गॅस पेटवला.